कोंबड्यांनी दाणे टिपले का? रोमन शकुनांविषयी एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दिवाळी अंकासाठी मी ड्रेपानाच्या लढाईवर लेख लिहितो आहे. रोमन आरमाराचा प्रमुख पब्लियस क्लॉडियस पुल्कर यानं, पवित्र कोंबड्या दाणे खात नाहीत म्हणून त्या उचलून समुद्रात फेकल्या. 'खात नसतील तर पाणी पिऊ द्या' असं म्हणाला आणि लढाई हरला. मला तो अंधश्रद्धेविरुद्ध उभा राहिलेला पहिला माणूस वाटतो. एवढे रस्ते, पूल आणि कायदे उभे करणारे लोक कोंबडीच्या चोचीकडे बघून युद्ध ठरवत होते. त्यांचा यावर खरंच विश्वास होता, की ते सत्ताधाऱ्यांचं ढोंग होतं?"

मी गेली २४ वर्षं रोमचा इतिहास शिकवते आहे आणि विद्यार्थ्यांबरोबर इतिहासकार लिव्ही आणि वक्ता-राजकारणी सिसेरो मूळ लॅटिनमधून वाचते आहे. दरवर्षी वर्गात हा प्रश्न येतो आणि जवळजवळ याच शब्दांत येतो. विश्वास की ढोंग, यातलं एक निवडा, असा त्याचा आग्रह असतो. पहिली काही वर्षं मीही 'ढोंग' याच बाजूनं शिकवत होते. ते चुकीचं होतं, असं आज मला वाटतं. पण त्यावरचं उत्तर 'विश्वास' हेही नाही. आपण ज्या प्रश्नाचं उत्तर कोंबड्यांकडे मागतो आहोत, तो प्रश्न रोमन लोक त्यांना विचारतच नव्हते. अडचण तिथे आहे.

आधी एक गोष्ट मान्य करते. माझं उत्तर तुम्ही कोणत्या काळाबद्दल आणि कोणाच्या तोंडून ऐकता आहात, यावर बदलतं. इ.स.पू. ३०० मधला सेनापती, सीझरच्या काळातला वकील आणि सम्राटांच्या काळातला घाबरलेला जमीनदार यांचं शकुनांशी नातं सारखं नव्हतं. राज्याच्या कामासाठी घेतलेला शकुन वेगळा, घराचा उंबरा ओलांडताना मनात आलेली शंका वेगळी. शिवाय जुन्या लढायांच्या बहुतेक कथा आपल्यापर्यंत आणणारा लिव्ही त्या घटनांनंतर दोन-अडीच शतकांनी लिहीत होता. म्हणून खाली जे लिहिते आहे ते मुख्यतः प्रजासत्ताकाच्या काळातल्या सरकारी शकुनांबद्दल आहे, असं धरून वाचा.

आता मूळ मुद्दा. रोमन अधिकाऱ्यानं घेतलेल्या शकुनाला लॅटिनमध्ये 'औस्पिकियुम' म्हणतात. पक्षी आणि पाहणे या दोन शब्दांचा तो जोड आहे. मराठी वाचकाला हे लगेच ओळखीचं वाटावं, कारण संस्कृतात 'शकुन' या शब्दाचाही मूळ अर्थ पक्षी असाच आहे. पण आपण शकुन म्हटलं की पुढे काय होणार याची चाहूल, असा अर्थ घेतो. काम होईल की फिसकटेल, पाहुणा येईल की नाही. रोमन औस्पिकियुमला भविष्य विचारलेलं नसायचं. त्यात ज्युपिटरला, म्हणजे रोमनांच्या मुख्य देवाला, विचारलेलं असायचं ते एवढंच: "हे ज्युपिटर, हे काम आज करायला तुझी हरकत नाही ना?"

यातला 'आज' हा शब्द महत्त्वाचा आहे. मिळालेली परवानगी त्या एका दिवसापुरती असायची. नकार मिळाला तर तोही त्या एका दिवसापुरताच. दुसऱ्या पहाटे पुन्हा विचारायला कोणाची आडकाठी नव्हती. शकुनशास्त्राचा अधिकारी असलेला ऑगर एखादी सभा थांबवताना दोन शब्द उच्चारायचा, 'आलिओ दिए'. म्हणजे 'दुसऱ्या दिवशी'. काम वाईट आहे, माणूस वाईट आहे, लढाई हराल, यातलं काहीही त्या दोन शब्दांत नाही.

आपल्याकडच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर फरक स्पष्ट होतो. मुहूर्त हा आकाशातल्या गणितावरून आधी काढून ठेवता येतो, पंचांगात छापता येतो. रोमन औस्पिकियुम असं आगाऊ काढता येत नसे. त्याला त्या पहाटे जाऊन विचारावंच लागे. त्यापेक्षा कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, ते अधिक जवळचं आहे. गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीला कळ्या किंवा पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी ते पाहायचं. तिथेही प्रश्न हो-नाहीचा असतो. मी वर्गात कौलाचं उदाहरण देते तेव्हा कोकणातल्या मुलांना रोमन विधी बाकीच्यांच्या आधी कळतो. साम्य मात्र प्रश्नाच्या घडणीपुरतंच आहे, ते पुढे ताणू नये. रोममध्ये विचारणारा पुजारी नसायचा. विचारायचा तो निवडून आलेला अधिकारी, कॉन्सल (दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) किंवा त्याच्या खालचा प्रेटर. शकुन घेण्याचा हक्क पदाबरोबर यायचा. ऑगर हा त्याचा सल्लागार होता. नियम काय म्हणतो, विधी नीट झाला का, दोष राहिला का, हे तो सांगायचा. देवाच्या इच्छेचा ठेकेदार तो नव्हता.

प्रत्यक्षात हे कसं व्हायचं ते सिसेरोनं लिहून ठेवलं आहे आणि तो स्वतः ऑगर होता. मध्यरात्र उलटल्यावर अधिकारी शांतपणे उठायचा. सोबत घेतलेल्या माणसाला नावानं हाक मारून म्हणायचा, "या शकुनाला तू माझ्याबरोबर असावास अशी माझी इच्छा आहे." तो म्हणायचा, "ऐकलं." मग अधिकारी विचारायचा, शांतता आहे असं वाटलं की सांग. शांतता याचा अर्थ विधीला बाधा आणणारं काहीही नाही, दोष नाही. तो उत्तर द्यायचा, "शांतता आहे असं दिसतं." मग पिंजरा उघडला जायचा, कोंबड्यांपुढे भरडीचा गोळा टाकला जायचा आणि अधिकारी म्हणायचा, "खायला लागल्या की सांग." उत्तर यायचं, "खात आहेत." चोचीतून कण जमिनीवर सांडले तर तो उत्तम शकुन. त्याला 'त्रिपुडियुम सोलिस्तिमुम' असं भारदस्त नाव होतं.

कोंबड्या का, याचं कारण व्यवहाराचं आहे. जुन्या पद्धतीत मोकळ्या आकाशाचा एक भाग आखून घ्यायचा आणि त्यात गरुड-गिधाडं कुठून उडतात, कावळा-घुबड कुठून ओरडतात ते पाहायचं. विजेचाही विचार व्हायचा. शहरात हे जमतं. मोहिमेवर, रोज जागा बदलणाऱ्या छावणीत किंवा जहाजावर गरुडाची वाट कोण पाहणार? म्हणून पिंजऱ्यातल्या कोंबड्या आणि त्यांचा राखणदार, 'पुल्लारियुस', सैन्याबरोबर फिरायचे. सिसेरो यावर चिडतो. पिंजऱ्यात कोंडलेला उपाशी पक्षी खाणारच आणि घाईनं खाताना कण सांडणारच, मग यात देवाचं मत कुठे आलं, असं तो विचारतो. हा आक्षेप रोमन माणसानं रोमन भाषेत, पूर्ण गांभीर्यानं लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवा. शंका घेण्याची बुद्धी त्यांना होतीच.

तर मग ही यंत्रणा टिकली कशी? यासाठी मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सविस्तर सांगते. ढोंगाचं माझं मत बदललं ते या दोन गोष्टींमुळे.

पहिली इ.स.पू. २९३ची, सॅमनाइट लोकांविरुद्धच्या युद्धातली, अक्विलोनियाजवळची. कॉन्सल लुसियस पापिरियस कर्सर. सैन्य लढायला आतुर होतं. पहाटे पुल्लारियुसनं पाहिलं तर कोंबड्या खाईनात. पण सगळ्या छावणीचा उत्साह पाहून त्याचीही हिंमत वाढली आणि त्यानं कॉन्सलला खोटंच सांगितलं की उत्तम शकुन झाला. कॉन्सलनं सैन्याला ते जाहीर केलं. इकडे राखणदारांची आपसात वादावादी सुरू झाली, ती काही घोडेस्वारांनी ऐकली आणि कॉन्सलच्या पुतण्याला सांगितली. पुतण्या चुलत्याकडे गेला.

इथे मी वाचन थांबवते आणि वर्गाला विचारते: आता कॉन्सल काय करेल? अर्धी मुलं म्हणतात लढाई रद्द करेल, कारण तो श्रद्धाळू आहे. अर्धी म्हणतात दुर्लक्ष करेल, कारण तो ढोंगी आहे. पापिरियस यातलं काहीच करत नाही. तो पुतण्याची पाठ थोपटतो आणि सांगतो: शकुन पाहणारा माणूस खोटी खबर देत असेल, तर त्याचं पाप त्याच्या डोक्यावर. मला जी खबर अधिकृतपणे मिळाली ती उत्तम शकुनाची आहे आणि रोमन लोकांसाठी, सैन्यासाठी तीच ग्राह्य आहे. मग तो राखणदारांना लढाईच्या सगळ्यात पुढच्या रांगेत उभं करायला लावतो. लिव्ही सांगतो की लढाई जुंपायच्या आधीच कुठून तरी आलेला एक भाला पुल्लारियुसला लागला आणि तो कोसळला. हे कळल्यावर कॉन्सल म्हणाला, देव रणात हजर आहेत, अपराध्याला शिक्षा मिळाली. समोर एक कावळा मोठ्यानं ओरडला. रणशिंगं वाजली. रोमन जिंकले.

पापिरियसचा युक्तिवाद पुन्हा वाचा. तो वकिली आहे, यात शंका नाही. पण फसवा नाही. त्याच्या दृष्टीनं शकुन म्हणजे कोंबडीनं केलेली कृती नव्हे. नेमलेल्या माणसानं नेमलेल्या अधिकाऱ्याला नेमलेल्या शब्दांत दिलेली खबर म्हणजे शकुन. न्यायालयात साक्षीदारानं शपथेवर दिलेली साक्ष न्यायाधीश ग्राह्य धरतो आणि खोट्या साक्षीचा गुन्हा साक्षीदारावर राहतो, तसंच काहीसं. त्याच वेळी देव आहेत, खोटं त्यांना कळलेलं आहे आणि ते हिशोब करतील, हेही तो तितक्याच गंभीरपणे धरून चालतो. नाहीतर राखणदारांना पुढच्या रांगेत पाठवण्याचं कारणच उरत नाही. कायदा आणि श्रद्धा यांची शिवण या माणसात कुठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते. इ.स.पू. १६३ मध्ये कॉन्सल टायबेरियस सेम्प्रोनियस ग्राक्कस (पुढे सुधारणांसाठी प्रसिद्ध झालेल्या ग्राक्कस बंधूंचे वडील) पुढच्या वर्षीच्या कॉन्सलांची निवडणूक घेत होते. मतं गोळा करणारा माणूस जागीच कोसळून मेला. तरी ग्राक्कसनी निवडणूक पुरी केली. लोकांच्या मनात किंतु राहिला म्हणून सिनेटनं हारुस्पेक्सना, म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या एट्रुस्कन लोकांमधल्या शकुनज्ञांना विचारलं. ते म्हणाले, निवडणूक घेणारा अधिकारी नियमात नव्हता. ग्राक्कस भडकले. मी कॉन्सल, मी स्वतः ऑगर, शकुन मी रीतसर घेतलेले आणि तुम्ही परके एट्रुस्कन आम्हाला रोमन शकुनांचा कायदा शिकवणार? त्यांना हाकलून दिलं. निवडून आलेले दोघे, स्किपिओ नासिका आणि मार्कियस फिगुलस, पदावर बसले.

पुढे ग्राक्कस सार्डिनियात असताना त्यांचं पत्र ऑगरांच्या मंडळाला आलं. शकुनविधीची पुस्तकं वाचत असताना त्यांना आपली चूक आठवली होती. निवडणुकीच्या शकुनांसाठी त्यांनी शहराबाहेर तंबू ठोकला होता. मध्येच सिनेटच्या बैठकीसाठी ते शहराची पवित्र सीमा ओलांडून आत गेले. परत बाहेर येताना ती सीमा पुन्हा ओलांडली, पण त्यासाठीचे वेगळे शकुन घ्यायला विसरले. एवढंच. पण यामुळे निवडणुकीत दोष राहिला होता, लॅटिनमध्ये ज्याला 'विटियुम' म्हणतात. मंडळानं सिनेटला कळवलं, सिनेटनं ठराव केला आणि दोन्ही कॉन्सल आपापल्या प्रांतांतून परतून पदावरून उतरले.

सिसेरो या प्रसंगाबद्दल लिहिताना म्हणतो की ग्राक्कस ही चूक लपवू शकले असते. हे खरंच आहे. कोणी साक्षीदार नव्हता, कोणी तक्रार केलेली नव्हती. ज्यांना अपमान करून हाकललं, त्यांचंच बरोबर होतं, हे स्वतःहून कबूल करायचं होतं. ढोंगाच्या सिद्धांतात हे पत्र कुठे बसवायचं? मला ते कधीच बसवता आलेलं नाही. काही अभ्यासक यामागे राजकीय डाव शोधतात आणि तो असूही शकेल, सरदार घराण्यांमधल्या चुरशी होत्याच. पण डाव खेळायला याहून कमी मानहानीचे मार्ग उपलब्ध होते.

मग राजकारण यात नव्हतंच का? होतं, भरपूर होतं. इ.स.पू. २१५ मध्ये मार्सेलस कॉन्सलपद स्वीकारत असताना गडगडाट झाला, ऑगरांनी निवड सदोष ठरवली, त्यानं पद सोडलं. तेव्हा दोन्ही कॉन्सल सामान्य वर्गातले, प्लेबियन, झाले होते आणि सरदार वर्गानं देवांना हे रुचलेलं नाही अशी कुजबुज चालवली, हे लिव्हीच नोंदवतो. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरचा सहकारी कॉन्सल बिब्युलस मारहाणीनंतर घरात बसला आणि तिथून रोज कळवत राहिला की मी आकाश न्याहाळतो आहे. आकाशात वीज दिसली तर लोकांची मतदानसभा भरवता येत नसे आणि 'न्याहाळतो आहे' एवढं जाहीर केलं तरी ती अडायला हवी होती. सीझरनं त्याला न जुमानता कायदे केले. ते कायदे वैध की अवैध, हा वाद पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. इ.स.पू. ४४ मध्ये मार्क अँटनीनं डोलाबेलाची निवडणूक 'आलिओ दिए' म्हणून मोडली. आपण ती मोडणार हे त्यानं महिने आधी बोलून दाखवलं होतं. सिसेरोनं त्याला इथेच पकडलं: ऑगरला जे दिसतं ते त्या क्षणी दिसतं, मग तुला आधीच कसं कळलं?

ही उदाहरणं वाचली की 'बघा, शेवटी ढोंगच' असं म्हणावंसं वाटतं. मी इथे जरा सावकाश जायला सांगेन. संसदेत कामकाजाचा नियम काढून विधेयक अडवणारा सदस्य त्या नियमाचा गैरवापर करत असेल. म्हणून संसदेचे नियम हे मुळातच ढोंग होतात का? बिब्युलसचा डाव फसला तो लोक देवांना मानत नव्हते म्हणून नाही. तो चौकात उभा राहून समोरासमोर घोषणा करण्याऐवजी घरातून निरोप पाठवत होता आणि रस्त्यावर सीझरच्या बाजूचे दांडगे लोक होते. शेवटच्या पन्नास वर्षांत प्रजासत्ताकाची प्रत्येक संस्था अशीच ताणली गेली, फाटली. शकुनांचं वेगळं काही झालं नाही.

सिसेरोबद्दल तुम्हाला अंकात लिहावंच लागेल, म्हणून दोन वाक्यं. शकुनविद्येवरच्या त्याच्या संवादात पहिल्या भागात भाऊ क्विन्टस शकुनांची बाजू मांडतो आणि दुसऱ्या भागात सिसेरो स्वतः ती खोडून काढतो. एक हारुस्पेक्स दुसऱ्याला भेटल्यावर हसत कसा नाही याचं आश्चर्य वाटतं, हे जुन्या केटोचं वचनही तिथेच येतं. पण त्याच भागात तो सांगतो की राज्याच्या हितासाठी ऑगरांचा कायदा आणि विधी पाळले गेलेच पाहिजेत आणि क्लॉडियसला मिळालेली शिक्षा योग्यच होती. त्याचा आक्षेप भविष्य सांगण्यावर आहे. परवानगी मागण्याच्या रिवाजावर तो हात टाकत नाही. तुमच्या लेखाचा सगळा भार या एका भेदावर उभा राहू शकतो.

नियमांत किती सोयी होत्या, हेही सांगायला हवं. न मागता आलेलं चिन्ह दिसलंच नाही, तर ते लागू होत नसे. सिसेरोच्याच काळात आठवण सांगितली जायची की पाच वेळा कॉन्सल झालेला मार्सेलस एखादं काम तडीला न्यायचं ठरवलं की बंद पालखीतून प्रवास करायचा, म्हणजे वाटेत अडवणारं काही दिसायलाच नको. पुढे थोरला प्लिनी लिहितो की काम सुरू करताना 'मी ते चिन्ह विचारात घेत नाही' असं म्हटलं, तर ते त्या माणसाला बाधत नाही, असा ऑगरांच्या शास्त्रातलाच नियम आहे.

अद्भुतांच्या, म्हणजे 'प्रोडिगियुम'च्या बाबतीतही असंच. आकाशातून दगडांचा पाऊस, बोलणारी गाय, रडणारी मूर्ती, अशा बातम्या इटलीभरातून सिनेटकडे यायच्या. त्या राज्याला लागू आहेत की नाहीत, हे सिनेट ठरवायचं. इ.स.पू. १६९ च्या यादीत दोन अद्भुतं नाकारली गेली. एका खासगी घराच्या अंगणात ताडाचं झाड उगवलं होतं, ते खासगी जागेतलं म्हणून बाद. फ्रेगेल्ले गावात सैनिक मुलासाठी घेतलेला भाला दोन तास जळत राहिला तरी भस्म झाला नाही, ते परक्या हद्दीतलं म्हणून बाद. जी ग्राह्य धरली गेली त्यांच्यासाठी सिबिल या भविष्यवादिनीची मानली जाणारी ग्रीक पुस्तकं पाहून मोठ्या पशूंचे बळी दिले गेले. जळता भाला घडलाच नाही असं कोणीही म्हटलं नाही. आमच्या अधिकारकक्षेत येत नाही, एवढंच म्हटलं. या एका नोंदीतून मला रोमन मन जितकं दिसतं तितकं दहा तात्त्विक ग्रंथांतून दिसत नाही.

घरगुती शकुनांचं जग याहून मोकळं आणि हळवं होतं. मॅसिडोनियाच्या पर्सियस राजाविरुद्धच्या युद्धाची जबाबदारी मिळाल्याच्या दिवशी एमिलियस पौलस घरी आला तेव्हा त्याची लहान मुलगी टर्शिया उदास होती. काय झालं विचारल्यावर म्हणाली, "पर्सा गेली." तिचं कुत्र्याचं पिल्लू मेलं होतं आणि त्याचं नाव पर्सा होतं. बापानं तिला घट्ट कवटाळलं आणि म्हणाला, मी हा शकुन स्वीकारतो. 'स्वीकारतो' हा शब्द पाहा, इथेही माणसाची संमती लागतेच. उलट बाजूला सेनापती क्रॅसस. पूर्वेकडच्या पार्थिया राज्यावर निघताना ब्रुंडिसियुम बंदरात कौनस गावचे अंजीर विकणारा 'कौनेआस' असं ओरडत होता. लॅटिन कानाला ते 'जाऊ नकोस, सांभाळ' असंही ऐकू येतं. क्रॅसस गेला आणि इ.स.पू. ५३ मध्ये कार्हेच्या लढाईत मारला गेला. सिसेरो ही गोष्ट सांगून म्हणतो, हे मानायचं तर ठेच लागणं, चपलेचा पट्टा तुटणं आणि शिंक हेही मानावं लागेल. (शिंकेची धास्ती आपल्या घरांतही मोठी, म्हणून हे वाक्य वाचताना वर्गात नेहमी खसखस पिकते.)

आता तुमच्या क्लॉडियसकडे येते. इ.स.पू. २४९, सिसिलीचं पश्चिम टोक, आजचं त्रापानी. पहिली अडचण ही की रोम आणि कार्थेज यांच्यातल्या या युद्धाचा आपला सर्वांत भरवशाचा इतिहासकार पॉलिबियस लढाईचं बारकाईनं वर्णन करतो, पण कोंबड्यांचा शब्दही काढत नाही. त्याच्या सांगण्यानुसार क्लॉडियस रात्री निघून बंदरावर अचानक चाल करायला गेला. कार्थेजचा सरदार अधर्बाल तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं खुल्या समुद्रात निसटला. आत शिरलेली रोमन जहाजं मागे वळताना एकमेकांवर आदळली, किनाऱ्याशी दाबली गेली. क्लॉडियस सुमारे ३० जहाजं घेऊन पळाला, ९३ जहाजं शत्रूच्या हाती गेली. पराभवाचं कारण म्हणून एवढं पुरेसं आहे. कोंबड्यांची गोष्ट आपल्याला सिसेरो आणि नंतरच्या लेखकांकडून मिळते. ती घडलीच नाही असं मी म्हणत नाही. लेखात मात्र ती 'असं सांगतात' या शब्दांतच यावी.

आणि घडली असेल तरी क्लॉडियसला विवेकवादी ठरवायला तिचा आधार पुरत नाही. विवेकवादी माणूस कोंबड्यांना विचारायलाच गेला नसता. क्लॉडियसनं पिंजरा उघडायला लावला, म्हणजे प्रश्न विचारला. उत्तर 'आज नाही' असं आलं. उद्याची पहाट त्याला मोकळी होती. नियमांतल्या पळवाटाही होत्या, पापिरियससारखी एखादी कायदेशीर भूमिकाही घेता आली असती. त्यानं प्रश्न विचारून, उत्तर ऐकून, ज्यांचे जीव पणाला लागणार होते त्या खलाशांच्या देखत उत्तर देणाऱ्याला पाण्यात फेकलं. रोमन वाचकाला त्यात बुद्धीचं धैर्य दिसलं नाही. त्याला दिसला तो क्लॉडियस घराण्याचा पिढीजात उद्दामपणा. जहाजावरच्या हजारो वल्हेकऱ्यांना त्या सकाळी काय वाटलं असेल, याचा विचार तुमच्या लेखात आला तर मला फार आवडेल. त्यांच्या बाजूनं ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

शेवटी खटल्याबद्दल, कारण तुमच्या मसुद्यात तो नाही आणि तो यायला हवा. रोमला परतल्यावर क्लॉडियसवर राज्यद्रोहाचा आरोप ठेवला गेला, शिक्षा देहान्ताची होऊ शकत होती. लोकांची सभा मतदानाला बसणार तोच आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळला. ज्युपिटरची ती खूण समजून सभा उठवण्यात आली. नंतर नव्यानं खटला उभा राहिला तो दंडाचा आणि १,२०,००० आस (रोमन नाणी) भरून त्याची सुटका झाली. ज्या नियमाला त्यानं समुद्रात फेकलं असं म्हणतात, त्याच नियमानं त्या दिवशी त्याची मान वाचवली.